हजार मिली म्हणजे किती? आरोग्याची पत्रकं आपल्या माणसांना वाचता येतात का?

दुधनाकाठ (सेलू, जि. परभणी)
१८ जून, रात्री ९:४०

मंडळी, मागच्या आठवड्यात शेजारी घडलेलं सांगतो. मग तुमच्याकडून मदत पाहिजे.

शेजारच्या मावशींच्या नातवाला ढाळ लागले. लेकरू दीड वर्षाचं. पहिला पाऊस पडून आडात गढूळ पाणी उतरलं की आमच्याकडं दरवर्षी हे सुरू होतं. मावशींकडं ओआरएसची (जलसंजीवनीची) पुडी होती, शिबिरात मिळालेली, सोबत छापील पत्रक. मावशी सातवी पास आहेत. त्यांनी पत्रक दोनदा वाचलं, पुडी फोडली, फुलपात्रभर पाण्यात सगळीच्या सगळी ढवळली आणि रात्रभर चमच्याचमच्यानं पाजली. लेकरू तहानेनं तळमळायला लागलं, अंग सुस्त, रडायला आवाज फुटेना. सकाळी तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी पाणी किती घेतलं होतं असं विचारलं, तेव्हा उलगडा झाला.

लेकरू आता बरं आहे, अंगणात खेळतंय. मावशी मात्र दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. सुनेसमोर मान वर करायची चोरी झाली त्यांना.

ते पत्रक मी मागून आणलंय. त्यातलं वाक्य जसंच्या तसं:

"अतिसारामुळे उद्भवणारे निर्जलीकरण टाळण्याकरिता जलसंजीवनीचे संपूर्ण पाकीट १००० मि.ली. निर्जंतुक पेयजलात विरघळवून सदर द्रावण बालकास वारंवार अल्प प्रमाणात देण्यात यावे."

मावशींना विचारलं, यातलं काय कळलं नाही? म्हणाल्या, "अतिसार म्हंजी ढाळ, ते कळलं की मला. पण मिली तर खोकल्याच्या औषधाच्या टोपणात असतंय. एवढंसं. हजार झालं तरी फुलपात्रभर व्हईल असं वाटलं."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. मावशींनी वाचलं, समजून घेतलं, आणि त्या समजुतीप्रमाणं बरोबर केलं. वाचता येणाऱ्या बाईला कागदानं फसवलं. तुमच्याकडं काय अनुभव आहेत? आणि हे पत्रक आपल्याला नीट लिहिता येईल का?

ओपीडी_सकाळची (नांदेड)
१८ जून, रात्री १०:२५

दुधनाकाठ, आधी मावशींना सांगा की ही चूक मी महिन्यातून दोनतीनदा तरी बघते. शिकलेल्या घरांतही बघते.

का बिघडतं ते सांगते. पुडीत मीठ आणि साखर ठरलेल्या मापात असतात. एक लिटर पाण्यात ती विरघळली की आतडं ते पाणी ओढून घेतं. फुलपात्रात ढवळली तर मीठ चारपाच पट होतं. मग ते शरीरातलंच पाणी बाहेर खेचतं आणि रक्तात मीठ वाढतं. म्हणून लेकरू तहानलं. उलटी बाजूही आहे: खूप जास्त पाण्यात ढवळली तर गुण येत नाही. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असंही करू नये. आतली पूड सारखी मिसळलेली असेल याची खात्री नसते.

आणि झिंकची गोळी. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, सलग १४ दिवस. ढाळ तिसऱ्या दिवशी थांबतात आणि घरोघरी गोळी पण तिसऱ्याच दिवशी थांबते. पत्रकात "१४ दिवसांचा कोर्स पूर्ण करावा" असं असतं. "ढाळ थांबले तरी चौदाही गोळ्या द्या" असं कुठं वाचलेलं आठवत नाही. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, पण आई गोळी थांबवते ती "थांबले तरी" हे शब्द कानावर न पडल्यामुळं.

माझी एक सवय सांगते. पूर्वी मी सगळं सांगून झाल्यावर विचारायचे, "कळलं ना?" सगळे मान हलवतात. आता विचारते, "घरी गेल्यावर सासूबाई विचारतील डॉक्टरीण काय म्हणाली, तर काय सांगाल?" मग खरं काय पोचलं ते कळतं. माझं काय चुकलं, तेही कळतं.

औषधाची_पेटी (उदगीर)
१९ जून, सकाळी ८:०५

दुकानातून बघितलेलं सांगतो. "एक पुडी एक लिटरात" हे वाक्यसुद्धा पुरं नाही. बाजारात दोन मापांच्या पुड्या आहेत. मोठी साधारण २१ ग्रॅमची, ती एक लिटरला. छोटी चार ग्रॅमच्या आसपास, ती २०० मिलीला, म्हणजे एका पेल्याला. रंग तोच, चित्र तेच, आणि माप मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात. तुमच्या मावशींनी छोटी पुडी फुलपात्रात टाकली असती तर जवळपास बरोबर झालं असतं!

तिसरा गोंधळ खोक्यातल्या गोड पेयांचा. नावात ओआरएस, आत साखर भरमसाट. गिऱ्हाईक येतं, "ते तयार ओआरएस द्या." मी नको म्हणालो तर बाजूच्या दुकानात जातं. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा खात्यानं, खाद्यपेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी घातली. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या. नावातल्या तीन अक्षरांसाठी आठ वर्षं.

चिठ्ठीवरचं वेगळंच. एक आजी होत्या, डोळ्याला चष्मा, वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या. गोळीसमोर १-०-१ लिहिलेलं. त्यांनी मला विचारलं, "एकशेएक गोळ्या घ्यायच्या का रे बाळा?" विचारलं म्हणून बरं. तेव्हापासून मी पाकिटावर पेननं सूर्य, ताट आणि चंद्र काढतो. सूर्य म्हणजे सकाळ, ताट म्हणजे दुपार, चंद्र म्हणजे रात्र. "अनशापोटी" असेल तर तोच शब्द लिहितो. "उपाशीपोटी" लिहिलं की उपवासाच्या दिवशी घ्यायची गोळी समजणारे भेटलेत मला.

सातवी_ब (अंबाजोगाई)
१९ जून, दुपारी ४:१५

धागा जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते.

मजकूर किती सोपा हे मोजायची इंग्रजीत सूत्रं आहेत. रुडॉल्फ फ्लेशचं १९४८ सालचं प्रसिद्ध आहे: वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चाराचे तुकडे किती, यावरून गुण काढायचे. अमेरिकेत रुग्णांसाठीचा मजकूर सहावी ते आठवीच्या मुलाला कळेल इतपत ठेवा असं सांगतात. हे सूत्र मराठीला जसंच्या तसं लावता येत नाही. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. "गावातल्यांसाठीसुद्धा" हा लांबलचक शब्द दुसरीतलं पोर बोलतं, आणि "क्षय" हा दोन अक्षरी शब्द दहावीच्या पोराला अडतो. म्हणजे लांबी मोजून मराठीचा अवघडपणा कळत नाही. जोडाक्षरं, संस्कृत शब्द आणि वाक्याची मोडणी बघावी लागते.

मग मी दुसरी रीत वापरली, १९५३ मध्ये विल्सन टेलर यांनी मांडलेली. मजकुरातला दर पाचवा शब्द पुसायचा आणि वाचणाऱ्यानं रिकामी जागा भरायची. भरता आली तर मजकूर त्याच्या आवाक्यातला. गेल्या वर्षी डेंग्यूचं एक पत्रक घेऊन सातवीच्या मुलींना बसवलं. "पाण्याच्या टाक्या ___ ठेवा" इथं सगळ्यांनी "झाकून" लिहिलं. "डासोत्पत्ती स्थाने ___ करावीत" इथं निम्म्या वर्गानं "साफ" लिहिलं, दोघींनी "तयार" लिहिलं! छापलेला शब्द "नष्ट" होता. त्या दोघींना मी अजिबात हसले नाही. "उत्पत्ती" शब्द बघून "तयार" सुचणं साहजिक आहे.

दुधनाकाठ, तुमच्या वाक्यात मला सगळ्यात जास्त खटकला तो "देण्यात यावे". कुणी द्यावं? आई, नर्स, की सरकार? "यावे", "करावेत", "घ्यावी" अशा वाक्यात माणूसच नसतो. घरात आपण म्हणतो, "लेकराला पाज." क्रियापद माणसाकडं बघून बोललं की निम्मा अवघडपणा जातो. पोलिओचं "दोन थेंब" बघा. २०११च्या जानेवारीनंतर देशात पोलिओच्या मूळ (जंगली) विषाणूचा रुग्ण सापडला नाही, २०१४ला प्रमाणपत्र मिळालं. ते लस पोचवणाऱ्यांच्या कष्टाचं फळ आहेच, पण काय करायचं आणि किती, हे दोन शब्दांत न वाचणाऱ्यालाही पाठ होतं.

प्रमाण_भाषा (छत्रपती संभाजीनगर)
१९ जून, रात्री ८:५०

दुसरी बाजू मांडतो. अशा मजकुराचं काम मी काही वर्षं केलंय.

पत्रक एका गावासाठी निघत नाही. तुमच्याकडं ढाळ, पलीकडं हगवण, कुठं जुलाब, कुठं नुसतं "संडास लागली". बोलीत लिहायचं तर कुणाच्या? म्हणून "अतिसार" घेतात, तो कुणाच्याच घरचा नाही पण कागदोपत्री सगळीकडं चालतो. शिवाय मसुदा चारपाच टेबलांवरून फिरतो. "पोराला पाजा" लिहिलं की कुणीतरी "बालकास देण्यात यावे" करतंच. त्या माणसालाही वाटतं की शासनाच्या कागदाची भाषा भारदस्त हवी. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, होतं कसं ते सांगतोय.

सोपं करताना अचूकपणा गेला तर? "भरपूर पाणी" सोपं आहे पण चुकीचं आहे.

ओपीडी_सकाळची
१९ जून, रात्री ९:३०

सर, अचूकपणा गेलाच आहे ना आत्ता? कागदावर १००० बरोबर आणि लेकराच्या पोटात फुलपात्र. अचूकपणा शेवटच्या हातापर्यंत मोजायला हवा.

बोलीच्या प्रश्नावर मात्र तुमचं पटतं. मी दोन्ही शब्द लिहीन: "ढाळ, जुलाब (अतिसार)". कारण केसपेपरवर "अतिसार" असणार आहे आणि तो शब्द ओळखीचा व्हायलाच हवा. एकदाच लिहायचा, पुढं घरचा शब्द वापरायचा.

मांजरेचं_पाणी (लातूर)
२० जून, सकाळी ७:२०

शब्द सोपा असून उपयोग नाही, असं डासांच्या पत्रकातलं एक उदाहरण देतो.

"आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा." सोपं आहे ना? पहिली गोष्ट, कोरडा दिवस म्हटलं की लोकांना दारूचं दुकान बंद एवढंच आठवतं. ते सोडा. नळाला पाणी येतं आठ-दहा दिवसांनी. २०१६ला आम्ही मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं. भरलेली टाकी दर आठवड्याला उपडी करा असं सांगणाऱ्या कागदावर आमचा विश्वास कसा बसावा? बाई तो कागद वाचते आणि बाजूला ठेवते. ती अडाणी म्हणून नव्हे, तिला पाण्याची किंमत कागदापेक्षा जास्त कळते म्हणून.

आमच्या गल्लीत फवारणीला येणारा एक दादा फार छान सांगायचा. "वहिनी, पाणी फेकू नका. जुनं धोतर नाहीतर ओढणी दुहेरी करून टाकीच्या तोंडाला गच्च बांधा. आणि टाकी रिकामी होईल तेव्हा आतून काथ्यानं घासा, अंडी कडेला चिकटलेली असतात, वाळली तरी मरत नाहीत." अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, आणि आमचं पाणीही आठ-दहा दिवस साठलेलं. म्हणजे कापड बांधणं हाच आमचा उपाय. हे एका वाक्यात छापलेलं मी अजून पाहिलं नाही.

पायी_वीस_घरं (गंगाखेड तालुका)
२० जून, दुपारी २:४०

मी आशा सेविका आहे. दादा, तुमच्या मावशीबद्दल वाचून पोटात कालवलं. अशा मावश्या माझ्या हजार वस्तीत किती असतील.

चित्रं काढली की भागतं असं वाटतं ना, तसं नाही. बाटलीनं दूध पाजू नका म्हणून बाटलीवर फुली मारलेलं चित्र होतं आमच्याकडं. एका बाईनं विचारलं, "ही बाटली दवाखान्याची का?" फुली तिला दवाखान्याच्या चिन्हासारखी वाटली. पाण्याच्या जगचं चित्र पण तसंच. जग आमच्यात लग्नाच्या पंगतीत असतो, घरी तांब्या. आणि तांब्याचं माप घराघरात वेगळं.

मी काय करते, एक लिटरची रिकामी बाटली पिशवीत ठेवते. त्यांच्याच तांब्यात किंवा पातेल्यात ओतून दाखवते आणि पाणी कुठवर आलं तिथं नेलपॉलिशची रेघ मारते. पुढच्या वेळी बाटली लागत नाही. एका घरी दोन वर्षांमागची रेघ अजून आहे.

रंग मात्र लोकांना पटकन कळतात. गावाच्या पाण्याला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. आमच्या गावाला लाल मिळालं तेव्हा ग्रामपंचायतीत सगळे भांडायला आले. पाण्यातले जंतू मारायची टीसीएल पावडर नीट पडेना असं मी दोन वर्षं तोंडानं सांगत होते, तेव्हा कुणी आलं नव्हतं.

तांड्यावरची (जिंतूर तालुका)
२० जून, रात्री ९:१०

ताई, आमच्या तांड्यावर मराठी शाळेत गेल्यावर कानावर पडते. घरात गोरमाटी, आमची बंजारा बोली. माझ्या आईला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. दिवाळीनंतर निम्मा तांडा ऊसतोडीला जातो, बाळाचं लसीकरणाचं कार्ड गाठोड्यात जातं. कार्डावर "पेंटाव्हॅलंट १, २, ३" असं असतं. कोपीवर (ऊसतोडीच्या झोपडीवर) कुणी विचारलं कुठली लस राहिली, तर आई कार्ड पुढं करते आणि गप्प बसते. सहा, दहा आणि चौदा आठवड्याला मांडीत टोचायची, एवढं जरी कुणी तिच्या भाषेत सांगितलं तरी ती दिवस मोजेल. म्हशीचे दिवस बरोबर मोजते की ती.

तुम्ही पत्रक लिहिलं तर मला पाठवा. मी गोरमाटीत बोलून आवाज भरते आणि तांड्याच्या ग्रुपवर टाकते.

दुधनाकाठ
२१ जून, सकाळी ६:५०

सगळ्यांचं वाचून काल रात्री एक कच्चं लिहिलं आणि मावशींकडं गेलो. त्या गोठ्यात होत्या, धार काढून झाली होती. माझं पहिलं वाक्य असं होतं: "एक लिटरची पाण्याची बाटली घ्या."

मावशी किटलीचं झाकण लावता लावता थांबल्या. म्हणाल्या, "लिटर? मग लिटर म्हणायचं की! रोज सकाळी चार लिटर घालते मी डेअरीवर. लिटर मला डोळे झाकून कळतंय."

मंडळी, मी तिथंच उभा राहिलो. त्या बाईच्या हाताला लिटर पंधरा वर्षांपासून माहीत आहे. शंभर मिली कमी भरलं तर डेअरीवाल्याशी भांडते ती. कागदानं "एक लिटर" लिहिलं असतं तर ही वेळ आलीच नसती.

आता मजकूर असा केलाय. सूचना सांगा:

"लेकराला ढाळ, जुलाब (अतिसार) लागलेत?
पुडीवर '१ लिटर' लिहिलंय का बघा. नसेल तर दुकानदाराला, आशाताईला विचारा.
उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घ्या. डेअरीवर दुधाचं एक लिटर असतं तेवढंच.
सगळी पुडी त्यात टाका. वरून साखर, मीठ काही घालू नका.
घोटघोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग परत पाजा.
अंगावरचं दूध बंद करू नका. जेवण पण चालू ठेवा.
उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्या.
झिंकची गोळी रोज एक. ढाळ थांबले तरी चौदाही गोळ्या द्या.
डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसलं, लेकरू पीत नाही किंवा सुस्त पडलंय, तर घरी थांबू नका. १०८ला फोन करा."

ओपीडी_सकाळची
२१ जून, सकाळी ८:३०

एक दुरुस्ती. "रोज एक" सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला आणि २०च्या गोळीला लागू आहे. "सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर आधी दवाखान्यात दाखवा" अशी ओळ अगदी वर टाका. गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून द्यायची हेही लिहा, नाहीतर लेकराच्या घशात अडकेल.

सातवी_ब
२१ जून, दुपारी ५:००

आज मुलींकडून मोठ्यानं वाचून घेतलं. एकच ठिकाणी अडल्या, "शौचात". "संडासात रक्त" केलं तर सरळ वाचल्या. आणि अक्षर मोठं ठेवा. फोटोवर छापू नका, पांढऱ्या कागदावर काळं. चुलीजवळच्या उजेडात वाचायचं आहे हे.

प्रमाण_भाषा
२१ जून, रात्री ७:४५

"उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्या" यात नेमकं कधी ते सुटतंय. नियम २४ तासांचा आहे. "आज सकाळी केलं तर उद्या सकाळी टाका" असं करा. बाकी मजकूर मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना दाखवतोय. "देण्यात यावे" करायला आले तर मावशींचा किस्सा सांगेन.

पायी_वीस_घरं
२१ जून, रात्री ९:०५

दादा, मला प्रिंट पाठवा. तीस प्रती पुरतील सध्या. खाली दोन बोटं जागा कोरी सोडा, तिथं मी माझा नंबर हातानं लिहीन. आणि मावशींना विचारा, माझ्यासोबत एक दिवस चारपाच घरी येतील का? लिटर त्यांनीच दाखवावं.

दुधनाकाठ
२२ जून, सकाळी ७:१५

विचारलं. म्हणाल्या, डेअरीवर दूध घालून नऊ वाजता मोकळी होते.

तांड्यावरची
२२ जून, सकाळी ७:३०

मी पण आज रात्री आवाज भरते. बाया शेतातून आल्या की आधी आईला ऐकवते, तिला कळलं तर मगच ग्रुपवर टाकते.